मोत्याआधी शिंपला पाहा



उसाच्या जोडीला काय करावे याची चर्चा गटागटात चालते आणि हल्ली त्यात मोतीशेतीचे नाव हटकून निघते. शेततळ्यात शिंपले सोडायचे, वर्ष-दीड वर्षाने मोती काढायचे, बसल्या जागी लाखो रुपये, असे गणित वहीवर मांडून दाखवणारे लोक गावोगाव फिरतात. कारखान्याने यासाठी कर्ज मिळवून द्यावे आणि हप्ता उसाच्या बिलातून कापावा, अशी मागणीही काही सभासदांनी केली आहे. माझे मत या मागणीच्या विरुद्ध आहे. शिंपल्याच्या विरुद्ध मात्र नाही. उलट शिंपल्याकडे आपण फारच कमी पाहिले, असे माझे म्हणणे आहे.

मोत्याचे शास्त्र खोटे नाही. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगा येथे गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी आपल्याकडच्या नद्या-तळ्यांत सापडणाऱ्या लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया या शिंपल्यांवर काम करून मोत्याची रीत बसवली. आठ-दहा सेंटिमीटरचा निरोगी शिंपला घ्यायचा, दोन-तीन दिवस दाटीने ठेवून त्याचे स्नायू सैल पडू द्यायचे, मग जरासा उघडून आत मणी किंवा साचा बसवायचा. पुढे आठ-दहा दिवस औषधाच्या पाण्यात ठेवायचे, मेलेले रोज वेचायचे आणि राहिलेले जाळीच्या पिशव्यांत घालून तळ्यात टांगायचे. आत शिरलेल्या परक्या वस्तूवर शिंपला चकाकीचे थर चढवतो. बारा ते अठरा महिन्यांनी मोती हाती येतो.

वाचायला सोपे वाटते. पण हे शस्त्रक्रियेचे काम आहे, दोन दिवसांच्या शिबिरात हाताला बसत नाही. सगळे नीट केले तरी शंभरातले तीस-चाळीस शिंपले दगावतील हे धरूनच चालावे लागते, आणि उरलेल्यांतला प्रत्येक मोती विकण्याजोगा निघत नाही. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या नव्या शेततळ्यातले पाणी आपल्या डोळ्याला छान दिसते, पण शिंपला त्यात उपाशी मरतो. त्याला हिरवट, सूक्ष्म शेवाळाचे पाणी लागते. कवचासाठी पाण्यात चुन्याचा अंशही लागतो. शिवाय गोड्या पाण्यातला जगातला बहुतेक मोती चीनमधून येतो, त्या मालाच्या भावाशी आपली गाठ आहे. ज्याला हौस आहे त्याने दोन-तीनशे शिंपल्यांवर स्वतःच्या पैशाने करून पाहावे. 'शिंपले आमच्याकडूनच घ्या, मोती आम्हीच परत घेऊ' असे कोणी म्हणाला, तर आधी त्याच्याकडचा मागच्या सालचा विकलेला माल आणि पावत्या मागाव्यात. उसाच्या बिलाला या भानगडीत अडकवू नये.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. हे शिंपले येतात कुठून? बहुतेक नदीतून उपसून. आणि नदीतला शिंपला गवतासारखा कापला की पुन्हा फुटत नाही.

अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठी मस्कॅटीन नावाचे गाव आहे. जॉन बोपल नावाच्या जर्मन कारागिराने १८९१ साली तिथे नदीतल्या शिंपल्यांपासून गुंड्या करण्याचा धंदा सुरू केला. १९०५ साली त्या एका गावातून दीडशे कोटी गुंड्या निघाल्या, म्हणजे जगातल्या गुंड्यांचा सुमारे तिसरा हिस्सा! नदीचा तळ ओरबाडून निघाला. शिंपले मिळेनासे झाले तेव्हा सरकारला जाग आली आणि जवळच फेअरपोर्टला शिंपल्यांच्या पैदाशीचे संशोधन केंद्र निघाले. (खुद्द बोपल नदीत उतरला असता शिंपल्याने पाय कापला, जखम चिघळली आणि १९१२ साली तो वारला.) पुढे प्लॅस्टिकच्या गुंड्या आल्या नि धंदाच बसला, पण नदी पूर्वीसारखी भरली नाही. धरणे आणि दूषित पाणी यांनी उरलेसुरले केले. २०२३ साली अमेरिकेच्या सरकारने जे २१ जीव नामशेष झाल्याचे जाहीर केले, त्यात आठ नदीतले शिंपले होते.

शिंपला लवकर का भरून येत नाही, याचे उत्तर त्याच्या जन्मात आहे. बहुतेक नदी-शिंपल्यांचे पिलू जन्मतःच स्वतंत्र जगत नाही. ते माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटते, काही दिवस-आठवडे त्याच्यावर पोसते, मग गळून तळाला बसते. मासे मेले की शिंपल्यांची पुढची पिढी गेलीच. आता आपल्याकडे ऐन हंगामात ओढ्याला सांडपाणी सुटते आणि मासे पांढरे होऊन वर येतात, तेव्हा गाव दोन दिवस ओरडते. शिंपल्यांचे कुणी बोलत नाही, कारण ते खालच्या गाळात मरतात.

खरे म्हणजे पाण्याचा पहारेकरी म्हणून शिंपल्याइतका स्वस्त गडी नाही. मासा पळून जातो, शिंपला जागा सोडत नाही. मोठा शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी अंगातून गाळतो, त्यातले विष आणि जड धातू त्याच्या मांसात साठतात. पोलंडमध्ये वॉर्सा आणि पोझनान या शहरांच्या पाणीपुरवठ्यात आठ-आठ शिंपले नोकरीला आहेत, ही थट्टा नव्हे! त्यांच्या कवचाला तारा जोडलेल्या असतात. पाण्यात काही वाईट आले की शिंपले मिटतात आणि धोक्याची सूचना वाजते. काही महिन्यांनी त्यांना परत सोडून नवे आणतात, कारण जुने त्या पाण्याला सरावतात.

आपल्याला तारा नकोत. कारखान्याचा ओढा नदीला मिळतो त्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन जागा ठरवाव्यात. गळीत हंगाम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही ठिकाणी मोजून तेवढ्याच जागेतला तळ चाचपून जिवंत शिंपले किती, रिकामी कवचे किती, लहान पिले दिसतात का, हे लिहून काढावे. मोजलेले शिंपले तिथेच परत ठेवावेत. जवळच्या महाविद्यालयाचा प्राणिशास्त्र विभाग आणि नदीकाठची भोई मंडळी सोबत घेतली, तर खर्च चहापाण्याचा. वर शिंपले आहेत आणि खाली फक्त कवचे, असे निघाले तर दोष कुणाचा हे सांगायला बाहेरचा साहेब लागणार नाही.

काही जण म्हणतील, आपलेच उणे आपल्याच अंकात कशाला छापायचे? पण ते पाणी खालच्या गावात जाते आणि खालच्या गावातही आपलेच सभासद आहेत. त्यांच्या विहिरी त्याच काठावर आहेत. साखर उताऱ्याचा आकडा आपण दर अंकात छापतो, त्याच्याशेजारी एक ओळ शिंपल्यांची पडायला जागा अडत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी या अर्थाचा ठराव मी लेखी दिला आहे. अनुमोदनाला प्रत्येक गटातून निदान दोन सह्या हव्यात. नदीच्या खालच्या अंगाच्या गावांनी त्या आधी पाठवाव्यात.