विश्लेषण : ड्रिफ्टचे गुण चालकाचे की गाडीचे? रेसिंग गेममधील गुणांकन वादात का सापडते?

‘फोर्झा होरायझन’ मालिकेतील पुढचा गेम जपानमध्ये घडणार, अशी घोषणा सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियो गेम शोमध्ये झाली. ड्रिफ्टिंगचा जन्म जिथल्या डोंगराळ रस्त्यांवर झाला, तोच हा देश. मात्र गाडी आडवी घसरवत वळण घेण्याच्या या कलेला गुण देताना गेम नेमके काय मोजतो, हा प्रश्न गेमर्सना वर्षानुवर्षे छळतो आहे. एकच वळण, सारखेच कौशल्य. तरी एकाला तीन तारे आणि दुसऱ्याला एक, असे का होते?

ड्रिफ्ट म्हणजे नेमके काय?

साध्या शर्यतीत चाकांची पकड टिकवायची असते. ड्रिफ्टमध्ये मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवली जाते. गाडीचे तोंड एकीकडे आणि तिची प्रत्यक्ष वाटचाल दुसरीकडे, अशी स्थिती तयार होते. या दोन दिशांमधला फरक म्हणजे ड्रिफ्टचा कोन. कोन वाढवला तर वेग मरतो. फारच वाढवला तर गाडी गरकन फिरते. ॲक्सिलरेटर आणि उलट्या दिशेने वळवलेले स्टिअरिंग यांच्या जोरावर हा तोल सांभाळणे, हीच चालकाची कसोटी.

शर्यतीत निकाल घड्याळ देते, त्यामुळे वाद कमी. ड्रिफ्टमध्ये वेळ मोजून भागत नाही. गाडी ‘कशी’ घसरली हे मोजावे लागते. वादाचे मूळ इथेच आहे.

प्रत्यक्ष स्पर्धेत गुण कोण देते?

‘ड्रिफ्ट किंग’ म्हणून ओळखले जाणारे जपानी चालक केइची त्सुचिया यांचा ‘डी-१ ग्रां प्री’ या स्पर्धेच्या उभारणीत मोठा वाटा होता. अमेरिकेतील ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’चा पहिला हंगाम २००४ मध्ये झाला. तिथे परीक्षक गाडीचा मार्ग, कोन आणि शैली पाहतात. बाद फेरीत दोन गाड्या एकापाठोपाठ धावतात. पुढच्याने आदर्श ड्रिफ्ट करायचे, मागच्याने त्याला चिकटून राहायचे. नंतर दोघांनी जागा बदलायच्या. परीक्षकांचे मत विभागले, तर पुन्हा धाव घेतली जाते.

माणसाच्या नजरेवर आक्षेप येणारच. म्हणून ‘डी-१’ने २०१२ मध्ये गाडीवर यंत्रणा बसवून वेग, कोन आणि त्यातील बदल मोजणारी गुणपद्धती आणली. ‘एफआयए’ या मोटारक्रीडेच्या जागतिक संघटनेने २०१७ मध्ये टोकियोत आंतरखंडीय ड्रिफ्ट स्पर्धा घेतली, तेव्हाही तिचा वापर झाला. पण यंत्र आले तरी स्पर्धेतील गाड्यांसाठी नियमावली असतेच. उदाहरणार्थ, फॉर्म्युला ड्रिफ्टमध्ये इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना देता येते. गेममध्ये यंत्राचे गुण आले, पण अनेकदा ही नियमावली आली नाही.

गेममधील सूत्र कसे फसवते?

गेम कंपन्या गुणांचे नेमके सूत्र सहसा उघड करत नाहीत. ढोबळमानाने कोन, वेग आणि ड्रिफ्ट टिकवलेला वेळ यांचे मिश्रण असते. हे मिश्रण बदलले की विजेता कसा बदलतो, हे काल्पनिक उदाहरणातून पाहू.

समजा, ड्रिफ्टसाठी ६०० मीटरचा पट्टा आहे. पहिली गाडी ताशी ६० किमी वेगाने ४० अंशांचा कोन राखत तो पार करते; तिला ३६ सेकंद लागतात. दुसरी गाडी तोच कोन राखत ताशी १२० किमी वेगाने जाते. तिला १८ सेकंद पुरतात.

सूत्र ‘कोन गुणिले वेळ’ असेल, तर संथ गाडीला १,४४० आणि वेगवान गाडीला ७२० गुण. म्हणजे रेंगाळणाऱ्याला दुप्पट बक्षीस. सूत्र ‘कोन गुणिले वेग गुणिले वेळ’ असेल, तर दोघींना ८६,४०० गुण. वेग आणि वेळ यांचा गुणाकार म्हणजे अंतर आणि अंतर दोघींनी सारखेच कापले, म्हणून बरोबरी. पण सूत्रात वेगाचा वर्ग धरला, तर पहिलीला सुमारे ५२ लाख आणि दुसरीला सुमारे १ कोटी ४ लाख गुण. आता वेगवान गाडी दुपटीने पुढे.

ड्रिफ्ट तेच, पट्टा तोच, निकाल मात्र तीन. वेगाला बक्षीस देणे चूक आहे असे नाही. जास्त वेगात तोच कोन राखायला धाडस लागते. पण त्यासाठी ताकदवान इंजिनही लागते. गुणांच्या एका आकड्यात धाडस किती आणि इंजिन किती, हे वेगळे काढता येत नाही.

यात गुणकाची भर पडते. ‘नीड फॉर स्पीड : अंडरग्राउंड’पासून (२००३) रूढ झालेल्या पद्धतीत ड्रिफ्ट लांबवले की गुणक वाढतो आणि भिंतीला धडक बसली की जमवलेले गुण जातात. परिणामी, देखणे वळण घेण्यापेक्षा सरळ रस्त्यावरही गाडी डावी-उजवीकडे झुलवत साखळी न तुटू देणे फायद्याचे ठरते.

गाडीच्या निवडीने एवढा फरक पडतो?

पडतो. पहिले कारण ताकद. कमी ताकदीची गाडी मोठ्या कोनात वेग गमावते आणि आपोआप सरळ होते. दुसरे कारण स्टिअरिंग. पुढची चाके जितकी जास्त वळतात, तितका मोठा कोन गाडी न फिरता सांभाळता येतो. तिसरे आणि सर्वाधिक वादाचे कारण म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी रचना. अशा गाडीची पुढची चाके तिला वळणातून ओढून काढतात. त्यामुळे वेग टिकतो आणि गिरकी घेण्याचा धोका घटतो.

‘फोर्झा होरायझन’मधील ड्रिफ्ट पट्ट्यांवर कोणतीही गाडी नेता येते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत चारचाकी रचना बसवण्याची सोयही अनेक गाड्यांना आहे. त्यामुळे तीन तारे हवे असणाऱ्यांना अनुभवी खेळाडू हाच मार्ग सुचवतात. दुसरीकडे, जुनी हलकी जपानी गाडी मागच्या चाकांवर नाचवणारा खेळाडू प्रत्यक्षात अवघड काम करूनही यादीत खाली राहतो.

पैशाचा मुद्दाही आहे. ‘फोर्झा होरायझन ४’मध्ये फॉर्म्युला ड्रिफ्टच्या गाड्यांचा संच मूळ गेमपासून वेगळा होता. मोबाइलवरील मोफत गेममध्ये चांगली गाडी मिळवण्यासाठी एकतर तासन्‌तास खेळावे लागते किंवा खिशात हात घालावा लागतो. गुणांवर स्पर्धा असेल, तर हा फरक क्षुल्लक राहत नाही.

गाड्यांची वर्गवारी पुरेशी का नाही?

‘फोर्झा होरायझन ५’मध्ये प्रत्येक गाडीला कामगिरीचा निर्देशांक असतो. ५०० पर्यंत ‘डी’, ६०० पर्यंत ‘सी’ असे करत गाड्या ‘एक्स’ वर्गापर्यंत जातात. ‘ग्रॅन टुरिस्मो ७’मध्ये अशाच कामासाठी परफॉर्मन्स पॉइंट्स आहेत. पण हे आकडे गाडी शर्यतीत किती जलद आहे, याचा अंदाज देतात. त्यात पकड ही जमेची बाजू असते. ड्रिफ्टमध्ये तीच पकड अडचण ठरू शकते. म्हणून एकाच वर्गातील दोन गाड्या शर्यतीत तुल्यबळ आणि ड्रिफ्टमध्ये एकतर्फी असू शकतात. वजनी गट ठरवताना पैलवानांची उंची मोजावी, तसा हा प्रकार.

शर्यतींसाठी ‘ग्रॅन टुरिस्मो’ने दुसरी वाट धरली आहे. ‘बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स’ या पद्धतीत गाड्यांची ताकद व वजन कमी-जास्त करून त्यांना एका पातळीवर आणले जाते. खऱ्या सहनशक्ती शर्यतींतही ती वापरतात आणि तिथेही संघांच्या तक्रारी थांबत नाहीत.

सर्वांना एकच गाडी दिली तर?

चालकाचे कौशल्य मोजण्याचा हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. ‘असेटो कोर्सा’मध्ये ड्रिफ्ट करणारे अनेक गट म्हणूनच एकसारख्या बांधणीचे गाड्यांचे संच ठरवून घेतात. पण गाडी निवडणे, तिचे टायर आणि सस्पेन्शन जुळवणे हेही कौशल्यच आहे. सर्वांच्या हाती एकच गाडी दिली, तर गॅरेजमधली ही मेहनत बाद होते.

तिसरा पर्याय दोन गाड्यांच्या जोडीचा आहे. ‘कारएक्स ड्रिफ्ट रेसिंग २’ या मोबाइल गेममध्ये आधी पुढची आणि मग मागची गाडी चालवण्याचा प्रकार आहे. त्यात समोरच्याच्या रेषेला किती चिकटून राहिलात, हे महत्त्वाचे ठरते. केवळ इंजिनाच्या जोरावर गुण उपसण्याला त्यामुळे आळा बसतो.

भारतात हा प्रश्न महत्त्वाचा का?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळे स्थान दिले. त्यातील व्याख्येनुसार ई-स्पोर्ट्सचा निकाल केवळ शारीरिक चपळता, मानसिक तत्परता, डावपेच अशा कौशल्यांवर ठरायला हवा. आयची-नागोया येथील २०२६ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या ई-स्पोर्ट्स यादीत ‘ग्रॅन टुरिस्मो ७’चा समावेश आहे. तिथे ड्रिफ्ट नव्हे तर शर्यत आहे. मात्र उद्या कोणी ड्रिफ्टची बक्षीस स्पर्धा भरवली आणि विकत घेतलेल्या गाडीने गुण वाढत असतील, तर ‘केवळ कौशल्य’ ही अट पूर्ण होते का, हा प्रश्न विचारला जाईल.

मग न्याय्य गुणांकन कसे असावे?

एकट्याने खेळताना तारे मिळवण्यासाठी कोणतीही गाडी चालावी. ती मजेची बाब आहे. एकमेकांशी तुलना सुरू झाली, की नियम वेगळे हवेत. कोन, वेग आणि वेळ यांना किती वजन आहे, हे खेळाडूंना आधी कळायला हवे. गुणांच्या यादीत मागच्या चाकांवरील आणि चारचाकी रचनेच्या गाड्या वेगळ्या दाखवता येतील. प्रत्येक गाडीसाठी स्वतंत्र यादी ठेवली, तर जुन्या हलक्या गाडीवर प्रभुत्व मिळवणाऱ्यालाही आपले स्थान कळेल. बक्षीस असेल तिथे गाडी सर्वांना सारखी आणि मोफत उपलब्ध हवी.

यातले काहीही तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. कोणत्या खेळाडूने कोणती गाडी, कोणत्या रचनेसह वापरली, ही माहिती गेमकडे असतेच. ती गुणांच्या आकड्याशेजारी दाखवली, तर तो आकडा चालकाचा किती आणि गाडीचा किती, याचा निवाडा खेळाडू स्वतःच करू शकतील.