दलाली विचारता, मग फंडाची फी का नाही?



जेटीवर लिलावात दलालाने शेकडा एक रुपया जादा कापला तर आपण तिथल्या तिथे जाब विचारतो. बर्फ थोडा महागला तरी सगळ्या होड्यांवर तीच चर्चा. पण म्युच्युअल फंडात पैसे घालताना ‘यात तुमचे किती?’ असे कोणी विचारत नाही. कारण साधे आहे. दलाली पट्टीवर लिहिलेली असते, फंडाच्या फीचे बिल घरी येत नाही.

ही फी, म्हणजे एक्स्पेन्स रेशो, सांगतात वर्षाच्या टक्क्यांत, पण कापतात रोज थोडी थोडी. कापून उरलेली एनएव्हीच आपल्याला दिसते. फंड तोट्यात गेला तरी फी सुटत नाही.

पूर्वी पैसे घालतानाच सव्वादोन टक्क्यांपर्यंत एन्ट्री लोड कापायचे. सेबीने ऑगस्ट २००९ पासून तो बंद केला. जानेवारी २०१३ पासून डायरेक्ट प्लॅन आले. फंड तोच, मॅनेजर तोच, शेअरही तेच. एजंटचे कमिशन नाही म्हणून फी कमी.

आता हिशेब बघा. समजा १ लाख रुपये २० वर्षे ठेवले आणि फी कापण्याआधी वाढ वर्षाला १२ टक्के झाली. फी १ टक्का असेल तर सुमारे ८ लाख ६ हजार होतात. २ टक्के असेल तर सुमारे ६ लाख ७३ हजार. एका टक्क्यात १ लाख ३३ हजार गेले, म्हणजे घातलेल्या मुद्दलापेक्षा जास्त!

तरी आपण निवड करतो ती ‘गेल्या वर्षी किती दिले’ हे बघून. मागच्या हंगामात बांगडा भरपूर मिळाला म्हणून यंदाही मिळेलच असे कोणी तांडेल सांगेल का? परतावा कोणाच्या हातात नाही. फी मात्र आधी कळते, मग ती आधी बघायला नको?

एजंट नकोच, असे आम्ही म्हणत नाही. जो केवायसी, नॉमिनीचे कागद करून देतो, बाजार पडल्यावर धीर देतो, त्याने कमिशन घ्यावे. पण किती, ते आपल्याला माहीत पाहिजे. आणि जून-जुलैच्या बंदीत घर चालवायचे पैसे शेअरच्या फंडात घालूच नका, फी कितीही कमी असो.

घरातले स्टेटमेंट काढा. ‘रेग्युलर’ लिहिले आहे की ‘डायरेक्ट’, ते बघा. दर सहा महिन्यांच्या एकत्रित स्टेटमेंटमध्ये एजंटला गेलेले कमिशन रुपयांत दिलेले असते. मात्र घाईने बदलू नका. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे म्हणजे विकून परत घेणे, त्यावर कर आणि कधी एक्झिट लोडही लागतो. नवीन पैसे घालतानाच विचारून घाला.

वाचता आले नाही तर कागद घेऊन संस्थेच्या ऑफिसात या, बसून एकत्र बघू.

– सचिव