गुलामगिरी 1865 मध्ये संपली, हे उत्तर अपुरं आहे

'अमेरिकेतील गुलामगिरी कधी संपली?' मुलं 1865 लिहितात, आपण पूर्ण गुण देतो. शिक्षक मित्रांनो, माझ्या मते इथे अर्धाच गुण द्यायला हवा.

त्या वर्षीच्या तेराव्या घटनादुरुस्तीतच एक अपवाद आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. दक्षिणेतल्या राज्यांनी नेमकी हीच फट शोधली. कामधंद्याविना फिरणं हासुद्धा गुन्हा ठरवला. नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या माणसांना पकडायचं, दंड भरता आला नाही की कैदी म्हणून खाणवाल्यांना, रेल्वेच्या ठेकेदारांना, ऊसमळेवाल्यांना भाड्याने द्यायचं. भाडं सरकारी तिजोरीत. विकत घेतलेला गुलाम मेला तर मालकाचं नुकसान व्हायचं. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळायचा. टेक्सासच्या शुगर लँड गावात 2018 मध्ये शाळेचं बांधकाम चालू असताना अशाच 95 जणांचे अवशेष सापडले.

हे थांबवायला साठ वर्षं झगडावं लागलं. टेनेसीत 1891 मध्ये खाणकामगारांनी कैद्यांना सोडवलं, कारण स्वस्त कैद्यांमुळे त्यांचीच रोजी बुडत होती. मेरी चर्च टेरेल या शिक्षिकेने 1907 मध्ये यावर सविस्तर लेख लिहिला. पण देशभर ओरड झाली ती मार्टिन टॅबर्ट या गोऱ्या तरुणामुळे. विनातिकीट रेल्वेप्रवासासाठी पकडलेला हा मुलगा 1922 मध्ये फ्लोरिडातल्या छावणीत चाबकाच्या मारानंतर मेला. शेवटी 1928 मध्ये अलाबामानेही ही पद्धत बंद केली.

पालक विचारतील, 'गुन्हेगारांनी काम केलं तर बिघडलं कुठे?' कामात वाईट काहीच नाही. पण कैद्याच्या घामावर दुसऱ्याचा नफा ठरला, की तुरुंग भरलेले राहणं कुणाच्यातरी सोयीचं होतं. मग गुन्हा काय, हेही तीच सोय ठरवते.

महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केला. तो गौरव योग्यच होता. पण त्याच वर्षांत तिथे कैदी भाड्याने दिले जात होते, हेही मुलांना सांगा. तो अपवाद अमेरिकेच्या घटनेत आजही आहे. अलाबामा आणि टेनेसीच्या मतदारांनी 2022 मध्ये आपापल्या राज्यघटनेतून तो काढला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2024 मध्ये तसं करायला नकार दिला.

त्या दुरुस्तीचं मुख्य कलम एका वाक्याचं आहे. मराठीत करून फळ्यावर लिहा आणि मुलांनाच विचारा, यात पळवाट कुठे आहे?