एअर फ्रायरमधली सफरचंदाची भजी

कुरवंड्याच्या नागफणीवरून पावसात भिजून उतरलेल्याला गरम भजी हवी असतात, तशी ती रोजेदारालाही इफ्तारला हवी असतात. पण रोजा असलेली बाईच मगरिबच्या आधीचा तास कढईसमोर घाम गाळते. एअर फ्रायरचा खरा फायदा इथे आहे. तेलाची बचत नंतरची.

मात्र कढईचं पातळ पीठ इथे चालत नाही. तेलात ते पडताक्षणी आवळतं, इथे जाळीतून गळतं. सफरचंद बारीक चिरून मैद्यात घट्ट कालवावं, गोळ्यांना तेलाचा हात लावून बटर पेपरवर ठेवावं. १८० अंशांवर दहा-बारा मिनिटं पुरतात. कढईइतकी कुरकुरीत होत नाहीत, हे खरं. एका वेळी आठ-दहाच मावतात, म्हणून पहिला घाणा असरनंतर लावावा. अजानच्या आधी दोन मिनिटं पुन्हा गरम केला की झालं.