प्रकृती विचारली, त्वचा पाहिली काय?

हिवाळा लागला की आपल्या चिकित्सालयात आणि औषधांच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो : 'चेहऱ्याला काय लावू?' या प्रश्नाचे उत्तर आपण फार तत्परतेने देतो, आणि माझ्या मते तिथेच आपण चुकतो. वातप्रकृतीला तीळतेल, पित्ताला खोबरेल किंवा शतधौत घृत, कफाला कोरफडीचा गर, हे कोष्टक बहुतेकांना पाठ असते. दुकानदार बंधूंना तेवढीही सवड नसते. 'सर्व प्रकारच्या त्वचेसाठी' असे छापलेली ट्यूब ते गिऱ्हाइकापुढे सरकवतात. प्रकृती जन्माबरोबर येते आणि जन्मभर राहते. त्वचेची अवस्था मात्र ऋतूबरोबर, गावाबरोबर आणि न्हाणीघरातल्या साबणाबरोबर बदलते. मॉइश्चरायझर द्यायचे ते या अवस्थेला, प्रकृतीच्या नावाला नव्हे.

हे शहाणपण मला एका रुग्णेने शिकवले, आणि त्याची किंमतही तिनेच मोजली. 2019 च्या हिवाळ्यात एक महाविद्यालयीन तरुणी माझ्याकडे आली. कफप्रधान प्रकृती, चेहऱ्यावर मुखदूषिका. मी कोरफडीचे जेल लिहून दिले आणि तेलकट काही लावू नये असे बजावले. ती दिवसातून चार-पाच वेळा साबणाने तोंड धुते, ओठांच्या कडेची त्वचा सोलवटली आहे, फोड वर असले तरी खालची त्वचा कोरडी ठणठणीत आहे, हे मी पाहिलेच नाही. हात लावून पाहिले असते तर कळले असते. जेलने आग वाढली. ती माझ्याकडे परत आली नाही, एका दुकानातून कसलेसे क्रीम घेऊन गेली. त्याने चार दिवसांत आराम पडला, म्हणून पाच महिने ते लावत राहिली. अखेर आली तेव्हा त्वचा पातळ व लाल झालेली, बारीक शिरा दिसत होत्या, आणि क्रीम थांबवले की फोड दुप्पट जोराने उठत. ते स्टेरॉइड होते. बाह्योपयोगी स्टेरॉइडे चिठ्ठीवाचून विकू नयेत हा नियम 2018 सालीच कडक झाला होता, तरी ते तिला सहज मिळाले. दुकानदाराला दोष देणे सोपे आहे. परंतु तिला त्या दुकानाच्या पायरीपर्यंत मीच पोहोचवले होते.

बाजारातील कोणतेही मॉइश्चरायझर घ्या, त्यात तीनच कामे करणारी द्रव्ये असतात. काही पाणी धरून ठेवतात, जसे ग्लिसरीन, मध, कोरफडीचा गर. काही त्वचेच्या पेशींमधील फटी भरून ती मऊ करतात. ही आपली तेले. काही वरून झाकण घालतात, जसे मेण किंवा पेट्रोलियम जेली. यांतले पहिले एकटेच वापरले आणि हवा कोरडी असली, तर ते हवेतून पाणी ओढू शकत नाही, त्वचेच्याच आतल्या थरातून ओढते. माझ्या तरुणीच्या बाबतीत हेच झाले. घरोघरी हिवाळ्यात निव्वळ ग्लिसरीन लावून चेहरा चरचरतो तोही याच कारणाने. आपल्या सिक्थतैलात मेणाच्या पाच-सहा पट तीळतेल असते, म्हणजे दुसरे आणि तिसरे काम एकाच डबीत आहे. भेगाळलेल्या टाचेला त्याहून स्वस्त आणि चांगले काय देणार? तेच मुरमांच्या चेहऱ्यावर थापले तर मात्र पंधरा दिवसांत रुग्ण भांडायला येईल. तेलकट त्वचेलाही ओलावा हवा असतो, परंतु तो पातळ लोशनचा, थोडासा आणि साबण कमी करून.

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, व्यवसाय सोलापुरात. कोकणात खोबरेल अंगाला चोळले की झाले, हवेतच ओल. तोच सल्ला मी सुरुवातीला सोलापुरात देत असे. डिसेंबरच्या पहाटे बाटलीत थिजलेले खोबरेल रुग्ण कोमट करून लावीत, वर कढत पाण्याने स्नान करीत, आणि दुपारपर्यंत पिंढऱ्यांवर पांढरे ओरखडे उठत. विडी वळणाऱ्या बायांचे हात पाहिले की कोष्टक किती तोकडे पडते ते कळते. दिवसभर पानाला आणि तंबाखूला लागलेली बोटे, आणि दिवसा तेल-मलम लावता येत नाही, कारण पान डागाळते. त्यांना 'दिवसातून तीनदा लावा' असे लिहून देणे ही थट्टा आहे. रात्री हात कोमट पाण्यात बुडवून, अर्धवट टिपून, ओलसर असतानाच सिक्थतैल लावायचे आणि जुन्या सुती कापडात गुंडाळून झोपायचे, एवढेच मी सांगतो.

ओलसर असतानाच, हा शब्द महत्त्वाचा आहे. पाश्चात्य त्वचारोगतज्ज्ञ आज स्नानानंतर काही मिनिटांतच मॉइश्चरायझर लावायला सांगतात. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात गंडूषादिविधी अध्यायात वाग्भटाचार्य मुखलेपाविषयी सांगतात की लेप वाळू देऊ नये, वाळलेला लेप कांती बिघडवतो. तो ओला करून काढावा आणि नंतर अभ्यंग करावा. शिवाय सहा ऋतूंना सहा निरनिराळे लेप सांगितले आहेत. हेमंतात बोराच्या बीचा मगज, लोध्र, पांढरी मोहरी, तर ग्रीष्मात कुमुद, उत्पल, दूर्वा, ज्येष्ठमध, चंदन. आपल्याकडे मात्र मुलतानी माती चेहऱ्यावर तडे जाईपर्यंत ठेवून मालिका पाहण्याची पद्धत आहे, आणि तिला आयुर्वेदिक उपचार म्हणतात!

तेल म्हणजे सरसकट निरुपद्रवी, हा समजही सोडावा. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ऑलिव्ह तेलाने प्रौढांच्या त्वचेचे संरक्षक आवरण कमकुवत झाल्याचे आढळले, सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. अभ्यास लहान होता हे मान्य. तरी तान्ह्या बाळाच्या मालिशीसाठी महागडे ऑलिव्ह तेल सुचवण्यापूर्वी दोनदा विचार करावा. चेहऱ्याच्या नितळपणासाठी कुंकुमादी तैल मागायला येणाऱ्या प्रत्येकीला ते द्यावे काय? व्यंगावर त्याचा उपयोग आहे. पिकलेल्या फोडांवर मी ते देणार नाही, गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले तरी चालेल.

औषधालयांच्या चालकांना एक विनंती शतधौत घृताविषयी. शंभर वेळा पाण्याने धुतलेल्या तुपात पाणी अडकून राहते. त्यामुळेच ते दाहावर इतके शीत आणि सुखद असते, आणि त्यामुळेच साध्या तुपापेक्षा लवकर बिघडते. मे महिन्यात काचेच्या कपाटात उन्हासमोर मांडलेल्या डब्या मी पाहिल्या आहेत. झाकण उघडताच खवट वास येतो. थोडे करावे, थंड जागी ठेवावे, डबी लहान असावी आणि तयार केल्याची तारीख तीवर स्पष्ट लिहावी. दिलेले कोणतेही नवे लेपद्रव्य प्रथम कोपराच्या आतील बाजूस दोन-तीन दिवस लावून पाहण्यास गिऱ्हाइकाला सांगावे. आणि प्रकृतीच्याही आधी एवढे तरी विचारावे : साबण कोणता, दिवसातून किती वेळा, आणि पाणी किती गरम?