शब्द तपासणाऱ्या हातांची मजुरी



आपल्या वस्त्यांतील पदवीधर मुलामुलींपुढे आता एक नवे काम आले आहे. इंटरनेटवर जाणारा मजकूर आधी वाचायचा, चुका काढायच्या, मथळा द्यायचा, चित्र जोडायचे आणि मग तो प्रसिद्ध करायचा. या कामाला कंटेंट एडिटर म्हणतात. मुलगी दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून नेमके काय करते, हे आईबापांना उमगत नाही. म्हणून या कामाचे सुख आणि दुःख दोन्ही आम्ही मांडत आहोत.

सुख आधी सांगतो. हे काम बुद्धीचे आहे. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. एका वेलांटीने अभिवादनाचा दिवस दीनवाणा होतो! अशी चूक छापील वर्तमानपत्रात गेली तर दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागतो. इथे ती क्षणात दुरुस्त करता येते. शुद्धलेखनाचे नियम काही आकाशातून पडलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली १४ आणि १९७२ साली आणखी ४, असे १८ नियम केले. ते कोणालाही शिकता येतात. ज्यांच्या बोलण्यातील 'न' आणि 'ण' ऐकून लोक हसले, त्यांचीच मुले आज दुसऱ्यांचे लेखन सुधारतात, हे सुख लहान नव्हे. शिवाय आज शेतीवर, उद्या आरोग्यावर वाचायला मिळते, आणि गावात राहूनही हे काम करता येते.

आता दुसरी बाजू. पुष्कळ ठिकाणी पगार नसतो, शब्दांवर दर असतो. आपल्या कित्येक मायमाऊल्यांनी हजार विड्यांच्या दराने घरी विड्या वळल्या. तिथे मुकादम वाईट विड्या बाजूला काढी आणि मजुरी कापी. इथे मजकूर परत येतो आणि पैसे अडकतात. माल बदलला, हिशेब तोच राहिला! त्यात लोकांनी किती वेळा उघडून पाहिले, यावर मजकुराची किंमत ठरते. मग भडक मथळ्याचा आग्रह होतो आणि प्रामाणिक संपादकाची कुचंबणा होते. रात्रपाळी असते, डोळे चुरचुरतात, मान आखडते. एवढे करून नाव कुठेच येत नाही.

२०२२ नंतर यंत्राने लिहिलेला मजकूर तपासण्याचे कामही वाढले आहे. इंग्रजीतील 'स्ट्राइक' म्हणजे संपही आणि हल्लाही. यंत्राने संपाला हल्ला केले, तर हक्क मागणारा कामगार गुंड ठरेल. ते ओळखायला माणूसच हवा. तरीही यंत्राचे कारण सांगून माणसाचाच दर पाडला जातो.

यावर कायदा काय म्हणतो? २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने डिजिटल माध्यमातील संपादक आणि उपसंपादकांना श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत घेतले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. श्रमिक पत्रकाराला चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. पण घरबसल्या शब्दांच्या दराने राबणाऱ्याला मालक आपला कामगार मानतच नाही. खरी लढाई तिथे आहे.

म्हणून पालकांनो, मुलांना या कामापासून अडवू नका, पण नेमणूकपत्र मागायला शिकवा. दर, मुदत आणि पैसे मिळण्याची तारीख लेखी घ्या. केलेल्या कामाची नोंद वहीत ठेवा. दर वीस मिनिटांनी वीस फूट दूर, वीस सेकंद पाहा. आणि एकेकट्याने दर पाडून घेऊ नका. चौघे मिळून एक दर ठरवा. दुसऱ्याचा शब्द नीट करणाऱ्याने स्वतःच्या घामाचा हिशेबही नीट ठेवलाच पाहिजे!