तासाभराचं विमान, दिवसभराची वाट

"विमानानं मुंबई तासावर आलीय" हे वाक्य हल्ली आपल्या कोयना खोऱ्यातही सर्रास ऐकू येतं. 2018 साली उडान योजनेत कोल्हापूर-मुंबई विमान सुरू झालं तेव्हापासून तर फारच. हौसेनं जाणाऱ्यांनी खुशाल जावं. पण घरातल्या आजारी माणसाला परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचं असतं, तेव्हा कुणीतरी शहाणा हाच सल्ला देतो आणि तिकिटासाठी बाईच्या अंगावरचं सोनं निघतं. म्हणून हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

नकाशावर पट्टी ठेवली तर कोयनानगर ते मुंबई जेमतेम दोनशे किलोमीटर. पण विमान आहे कोल्हापूरला, म्हणजे मुंबईच्या उलट्या दिशेला! पाटण, कराड करत तिथवर सुमारे एकशे तीस किलोमीटर, तीन तास धरा. उड्डाणाच्या दीड-दोन तास आधी हजर राहायचं. मग तो जाहिरातीतला एक तास. पुढे सामान घेऊन बाहेर पडायचं आणि मुंबईच्या गर्दीतून परळ गाठायचं. सात-आठ तास सहज जातात. गाडीनं थेट निघालं तरी साधारण तेवढेच लागतात. शिवाय विमान कोणत्या वारी आहे ते बघायचं, ते वेगळंच.

कराडजवळ धावपट्टी आहे, तीही कोयना प्रकल्पासाठीच 1950च्या दशकात बांधलेली. पण तिथून ठरल्या वेळेचं प्रवासी विमान काही सुटत नाही. इथली वीज तेवढी क्षणात लांब पोचते!

आणखी एक. फार आजारी माणसाला विमानात सहजी घेत नाहीत. डॉक्टरांचा दाखला मागतात, स्ट्रेचर हवं तर आधी कळवावं लागतं आणि छोट्या विमानात ती सोय असेलच असं नाही. दिवस भरत आलेल्या लेकी-सुनांनाही दाखला लागतो. तिकीट काढण्याआधी हे विचारून घ्या, नंतर पैसे परत मागत बसण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठा. कोकण रेल्वे 1998 पासून धावतेय. रुग्णाला बर्थवर आडवं पडता येतं, आणि कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपरचं भाडं माफ असतं. सोबतच्या एकालाही मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला तिकीट खिडकीवर दाखवावा लागतो. कितीतरी घरांत हे ठाऊकच नसतं, मग बिचारे पूर्ण भाडं भरतात.

अर्थात घाट पावसाळ्यात दरडींमुळे बंद पडतो. म्हणून जून ते सप्टेंबर निघण्याआधी रस्ता चालू आहे का, याची चौकशी हेळवाकला करा आणि बंद असेल तर कराडहून रेल्वे धरा.